उभी सरळ, चालती तिरकी: जुन्या गाडीचे टायर का झिजतात

 

गाडीचं एक दुखणं असं आहे की ते आवाज करत नाही, धूर सोडत नाही आणि गाडी बंदही पाडत नाही. ते फक्त टायर खातं. बहुतेक वेळा आतल्या बाजूनं खातं, जिथं आपण कधी वाकून बघत नाही. एक दिवस टायर फुटतो आणि मग कळतं. आज या दुखण्याबद्दल बोलायचं आहे, आणि तेही जुन्या गाडीच्या बाबतीत. चाकांची अलाइनमेंट आणि टायरची वाकडी झीज.

हे बोलणं आपण दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर रेकॉर्ड करतोय. दिल्लीतल्या मराठी माणसाला हा रस्ता नवीन महाराष्ट्र सदनामुळे माहीत असतो. २०१३ साली ते इथं सुरू झालं. त्याआधीच्या पिढीसाठी हा कर्झन रोड. एका टोकाला कॅनॉट प्लेस, दुसऱ्या टोकाला इंडिया गेट. जुन्या गाड्या पाळणाऱ्यांना हा सगळा भाग आणखी एका कारणानं ओळखीचा आहे. शेजारच्याच बाराखंबा रोडवर स्टेट्समन हाउस आहे आणि त्या वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ सालापासूनची.

माझ्याकडे १९६९ सालची फियाट ११०० डी आहे, जिला सगळे डिलाइट म्हणायचे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनलेली. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हीच गाडी पुढे पद्मिनी या नावानं आली असेल. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती सगळ्यांनीच पाहिली आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षं पूर्ण झाल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरात, रस्त्यावरून उतरली. आता या गाड्या राहिल्यात त्या घरोघरी, हौसेनं सांभाळलेल्या.

मी जे सांगणार आहे ते फियाटचं उदाहरण घेऊन, पण अँबेसेडर असो, स्टँडर्ड हेराल्ड असो की जुनी जीप, विचार करायची पद्धत तीच आहे.

आधी हे सांगतो की हा विषय दिल्लीत इतका गंभीर का. इथं १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवण्यावर बंधनं आली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. पुढेही त्यावर सुनावण्या होत राहिल्या आहेत, म्हणून आपल्या गाडीचं काय ते आरटीओत विचारून घ्यावं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी मात्र केंद्र सरकारनं २०२१ साली वेगळे नियम केले. व्हिंटेज म्हणून नोंदणी, नंबरात व्हीए ही अक्षरं, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. रोजच्या वापराला गाडी काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांना काढायची. आणि अट काय? गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको.

आता ही अट आणि टायरची झीज यांचा संबंध बघा. माझ्या फियाटचे पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेनं झिजले होते. बाहेरून बघितलं तर नक्षी छान, खोल. आतल्या कडेला नक्षी संपून खालचा कापडी थर डोकावत होता. तीही किती चालून? पाच हजार किलोमीटरसुद्धा नाही. तीनदा कॉम्प्युटरवर अलाइनमेंट झाली होती. तीनही वेळा छापील रिपोर्ट हिरवा. सगळं ठीक. आणि टायर झिजतच होते. मग सल्ला काय मिळाला? "साहेब, जुन्या गाडीचं असंच असतं. पुढचं सगळं काढा, अमुक गाडीचं सस्पेन्शन बसवून देतो, पॉवर स्टिअरिंगसकट." म्हणजे क्रॉस मेंबर कापायचा, चासीला वेल्डिंग करायचं. टायर वाचवायला गाडी घालवायची. असा सल्ला ऐकून किती जणांनी चांगल्या गाड्या कापल्या असतील, कोण जाणे. म्हणून हे सविस्तर सांगतोय.

आता मूळ मुद्द्याकडे. टायर कसा वाचायचा?

गाडीखाली दिवा धरा, चाक पूर्ण वळवा आणि टायरची सगळी रुंदी बघा. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला भाग चांगला आहे, तर हवा कमी ठेवली जात होती. मधला भाग झिजला, कडा चांगल्या, तर हवा जास्त होती. ठिकठिकाणी खड्डे, वाटीसारखे खळगे पडलेत, तर शॉकअप गेलेत किंवा बॅलन्सिंग नाही; चाक उड्या मारत चाललंय. आणि एकाच बाजूची कड झिजली असेल तर दोन संशयित उरतात, कॅम्बर आणि टो.

हे दोन शब्द नीट समजून घेऊ. गाडीसमोर उभं राहून बघा. चाक वरून आत किंवा बाहेर झुकलंय का? तो कॅम्बर. आता मनानं छपरावर चढा आणि वरून खाली बघा. पुढच्या दोन चाकांची नाकं एकमेकांकडे वळलीत का? तो टो-इन. एकमेकांपासून लांब वळलीत? तो टो-आउट. म्हणजे चालताना पाय आत टाकणारा माणूस आणि फेंगडा चालणारा माणूस, इतकाच फरक. तिसरा शब्द कॅस्टर. चाक ज्या उभ्या अक्षावर वळतं तो अक्ष वरून किंचित मागे कललेला असतो, सायकलच्या पुढच्या फोर्कसारखा. त्यामुळे वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. कॅस्टर बिघडला तर गाडी ओढते, भटकते, पण टायर सहसा फार खात नाही.

आता कड झिजली ती कॅम्बरनं की टोनं, हे कसं ओळखायचं? हातानं. गाडी बंद, थंड टायर, आणि हात सावकाश, कारण रेडियल टायरची तार बाहेर आली असेल तर बोट कापतं. तळवा नक्षीवर ठेवा आणि बाहेरच्या कडेकडून आत न्या. मग आतून बाहेर आणा. दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत लागलं तर संशय कॅम्बरवर. पण बाहेरून आत नेताना करवतीच्या दातांसारखं लागलं आणि आतून बाहेर आणताना गुळगुळीत, तर तो टो-आउट. याच्या उलट लागलं तर टो-इन जास्त आहे. टायर आडवा घासला जातो तेव्हा नक्षीच्या प्रत्येक पट्टीची एक धार गोल होते आणि दुसरी तीक्ष्ण राहते. हात ते वाचतो. माझ्या दोन्ही टायरवर बाहेरून आत हात नेला की करवत लागत होती. म्हणजे दोन्ही चाकं टो-आउट होऊन धावत होती, आणि रिपोर्ट म्हणत होता की टो बरोबर आहे.

थोडा हिशेब करू, म्हणजे हे किती गंभीर आहे ते कळेल. या फियाटचा मूळ टायर ५.२०-१४ मापाचा. त्याचा व्यास सुमारे ६०० मिलिमीटर. समजा, टोमध्ये एकूण तीन मिलिमीटरची चूक आहे. म्हणजे एका चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर. ६०० मध्ये दीड म्हणजे दर हजारात अडीच. याचा अर्थ, गाडी एक किलोमीटर सरळ गेली की तो टायर जवळपास अडीच मीटर आडवा घासला जातो. शंभर किलोमीटरला अडीचशे मीटर. खडबडीत डांबरावर खोडरबर अडीचशे मीटर फरफटत न्या आणि त्याचं काय उरतं बघा. तीन मिलिमीटर म्हणजे किती? दोन नाणी एकावर एक ठेवली तर तेवढी जाडी होते.

मग हिरवा रिपोर्ट खोटा होता का? नाही. आणि हीच आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आहे. मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. टायर धावत्या गाडीचं माप घेतो.

दिल्लीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी रिपोर्ट हातातही घेतला नाही. टायरवरून हात फिरवला, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि म्हणाले, "खडी में सीधी है, चलने में नहीं." उभी असताना सरळ आहे, चालताना नाही.

हे कसं होतं ते सांगतो. आपल्या जुन्या गाड्यांत ताकद मागच्या चाकांना असते. पुढची चाकं नुसती ढकलली जातात. रस्त्याचा अडथळा त्यांना मागे रेटत असतो, आणि चाक किंगपिनच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे ते बाहेरच्या बाजूला उघडू पाहतं. म्हणूनच अशा गाडीच्या मॅन्युअलमध्ये उभ्या गाडीला थोडा टो-इन सांगितलेला असतो. धावताना सांध्यांची थोडी लवचीकता वापरली जाते आणि चाकं जवळपास समांतर होतात. सांधे घट्ट असतील तर हे गणित जुळतं. सांधे ढिले असतील तर चाकं समांतर होऊन थांबत नाहीत, पुढे उघडतच जातात. ब्रेक मारला की आणखी.

ढिलेपणा किती पुरतो? टाय रॉड ज्या आर्मला जोडलेला असतो त्याची लांबी समजा १२ सेंटीमीटर आहे. त्या टोकाला फक्त अर्धा मिलिमीटर खेळ आहे. नखाच्या जाडीएवढा. तर ६०० मिलिमीटरच्या टायरवर तो होतो अडीच मिलिमीटर. दोन्ही बाजू धरल्या तर पाच. म्हणजे नखाएवढ्या ढिलेपणानं रिपोर्टातलं सगळं हिरवेपण पुसून जातं.

आणखी एक गोष्ट त्या रिपोर्टवर होती. गाडीच्या नावाच्या जागी दुसऱ्याच गाडीचं नाव. कॉम्प्युटर मोजलेला आकडा त्याच्या यादीतल्या आकड्याशी ताडून हिरवा किंवा लाल रंग देतो. पन्नास वर्षांपूर्वीची फियाट यादीत नसेल तर जवळपासची कुठलीतरी गाडी निवडली जाते. मग तो हिरवा रंग त्या दुसऱ्या गाडीसाठी असतो. म्हणून जुनी गाडी घेऊन जाताना मॅन्युअलचं पान सोबत न्या आणि रिपोर्टवरचे रंग न बघता आकडे बघा.

आता काम कुठून सुरू करायचं? क्रम महत्त्वाचा आहे, कारण क्रम चुकला की पैसे दोनदा जातात.

पहिली हवा. चारही टायर थंड असताना मॅन्युअलप्रमाणे. हवा कमी-जास्त असताना घेतलेलं कुठलंच माप खरं नसतं.

दुसरी गोष्ट, खेळ शोधणं. पुढची चाकं उचला, खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून हात घालायचा नाही. घड्याळात बारा आणि सहा वाजतात त्या जागांवर चाक धरा आणि हलवा. खटखट लागली तर बेअरिंग किंवा किंगपिन. कुठलं? घरातल्या कोणाला तरी ब्रेकवर पाय देऊन बसवा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग ढिलं आहे. राहिला तर किंगपिन आणि त्याचे बुश. मग तीन आणि नऊच्या जागी धरा आणि हलवा. आता खेळ आला तर टाय रॉड एंड, आयडलर किंवा स्टिअरिंग बॉक्स. एक माणूस हलवेल, दुसऱ्यानं खाली दिवा घेऊन प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. ढिला सांधा बोटाला लगेच कळतो.

तिसरी गोष्ट, मागची बाजू. लोक ती विसरतात. फियाटला मागे सरळ एक्सल आहे, पाट्यांवर बांधलेला. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट ढिले झाले की एक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. तपासायला फक्त टेप लागतो. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मागच्या चाकाच्या केंद्रापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. फियाट ११०० ला ते अंतर २३४० मिलिमीटर. एका बाजूला ठळक फरक आला, तर पुढे टो लावून काही उपयोग नाही, आधी मागचं बघा. आणि गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. स्प्रिंग एका बाजूनं बसली असेल तर कॅम्बरही बदलतो.

माझ्या गाडीत निघालं ते असं: दोन्ही किंगपिनचे बुश झिजलेले, दोन टाय रॉड एंड ढिले, आयडलरचा बुश गेलेला. कुठलाही एक खेळ मोठा नव्हता. सगळे मिळून टायर खात होते. झिजण्याचं कारण साधं, ग्रीस. या सांध्यांना ग्रीसचे निपल असतात, आजच्या गाड्यांना नसतात. नव्या गाड्यांची सवय झालेल्या गॅरेजमध्ये ग्रीस गन कोपऱ्यात पडून असते. मालकानं सांगितलं नाही तर वर्षानुवर्षं कोणी निपलला हात लावत नाही.

सामान मिळतं. दिल्लीत काश्मिरी गेटला, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अजून पद्मिनीचे किंगपिन आणि बुश विचारता येतात. इतकी वर्षं टॅक्सी म्हणून गाडी चालली, त्याचा हा फायदा. पण डबा उघडून मापून घ्या. पिन नवीन बुशात दुकानातच घालून बघितली तर फारसं कळत नाही, कारण बुश बसवल्यावर आत दाबला जातो. तो बसवून मग रीमरनं आतून मापात आणावा लागतो, आणि वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत. हे काम हातोडीनं होत नाही. पिन हातानं ढकलली तर जाईल आणि हलवली तर खेळ लागणार नाही, असं बसायला हवं. उस्तादांनी एका बाजूला पूर्ण दुपार घालवली. तीच मजुरी देण्यासारखी असते.

किंगपिन फार घट्ट बसली तरी घात. मग स्टिअरिंग वळणानंतर परत येत नाही आणि गाडी भटकते. रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी करून आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून बाकीच्या सांध्यांचा खेळ झाकायचा प्रयत्न करू नका. बॉक्स मधोमध सगळ्यात जास्त झिजलेला असतो. मधला खेळ शून्य होईपर्यंत आवळला तर वळणावर तो अडकतो. टायर झिजणं परवडलं, स्टिअरिंग अडकणं नाही.

हे सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, टो लावायचा. तो घरीही मोजता येतो. चाक उचलून फिरवा, टायरच्या मधोमध खडूचा पट्टा ओढा, आणि एका जागी घट्ट धरलेल्या खिळ्यानं त्यावर बारीक रेघ काढा. दोन्ही चाकांना. गाडी खाली घ्या, थोडी पुढे ढकला म्हणजे सस्पेन्शन बसतं. आता चाकाच्या केंद्राच्या उंचीवर, टायरच्या पुढच्या बाजूला, दोन रेघांमधलं अंतर मोजा. मग त्याच उंचीवर मागच्या बाजूला. मागचं अंतर वजा पुढचं अंतर म्हणजे टो-इन. खाली इंजिन आडवं येतं म्हणून टेपऐवजी एक सरळ पट्टी आणि तिच्या टोकांना दोन उभे खिळे, असं साधन बनवून घेतलं तर काम अचूक होतं.

आता ज्या एका युक्तीसाठी हे सगळं सांगितलं, ती सांगतो. टो दोनदा मोजा. एकदा, दोन्ही चाकांची नाकं कोणीतरी हातांनी बाहेर दाबून धरलेली असताना. दुसऱ्यांदा, तीच नाकं आत दाबून धरलेली असताना. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या सगळ्या सांध्यांचा मिळून खेळ. माझ्या गाडीत दुरुस्तीआधी तो फरक सहा मिलिमीटर होता. दुरुस्तीनंतर एक. ज्या गाडीत हा फरक मोठा आहे तिची अलाइनमेंट करूच नका. करून पैसे वाया जातात. आधी खेळ काढा. आणि अंतिम टो लावताना चाकं बाहेर दाबून घेतलेलं माप धरा, कारण रस्ता तेच करणार आहे.

टो बदलताना स्टिअरिंग बॉक्स बरोबर मध्यावर ठेवायचा आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे फिरवायचे. एकच बाजू फिरवली तर टो बरोबर येईल, पण स्टिअरिंगचं चक्र तिरकं होईल आणि बॉक्स मध्यावरून सरकेल.

मग रस्त्यावरची चाचणी. रविवारी पहाटे हा कस्तुरबा गांधी मार्ग त्यासाठी चांगला आहे. कॅनॉट प्लेसकडून सरळ निघायचं, वेग बेताचा, हात स्टिअरिंगवरच पण सैल. गाडी किंचित डावीकडे गेली तर घाबरू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो. जमलं तर रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या लेनमधूनही बघा. दोन्हीकडे एकाच बाजूला ओढत असेल तर गाडीत काहीतरी आहे. आधी पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. मग इंडिया गेटच्या गोलाला वळा आणि वळण संपताना हात सैल करा. चक्र स्वतःहून सरळ आलं तर कॅस्टर आणि किंगपिन ठीक आहेत.

आता टायरबद्दल दोन गोष्टी. व्हिंटेज नोंदणीची गाडी वर्षाकाठी फार चालत नाही. तिचे टायर झिजण्याआधी वयानं मरतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून दहा-बारा वर्षांचा टायर लावून रॅलीत कुटुंबाला बसवू नका. रबर कडक झालेलं असतं, बाजूला बारीक भेगा असतात. आणि नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. खाचांमधल्या टीडब्ल्यूआयच्या उंचवट्यांशी नक्षी समान झाली की समजा. हे सगळीकडे बघायचं, आतल्या कडेलाही. एका जागी संपला म्हणजे टायर संपला.

दुसरी गोष्ट, मूळ टायर क्रॉस-प्लाय होते. आज अनेक जण रेडियल लावतात. लावायला हरकत नाही, पण एका एक्सलवर एक क्रॉस-प्लाय आणि एक रेडियल कधीही नाही. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय हेही नाही, वळणावर मागची बाजू सुटते. चारही सारखे हवेत. आणि मॅन्युअलमधला टोचा आकडा क्रॉस-प्लायसाठी लिहिलेला आहे. रेडियलला साधारणपणे टो-इन कमी लागतो. मॅन्युअलच्या मर्यादेतल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करा आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा हात फिरवून बघा.

शेवटी एक सवय सांगतो, तिला पैसे लागत नाहीत. महिन्यातून एकदा, गाडी धुवाल त्या दिवशी, पुढचं चाक पूर्ण वळवा आणि टायरवरून तळवा फिरवा, बाहेरून आत, आतून बाहेर. दोन्हीकडे सारखं लागलं तर बोनेट पुसायला घ्या. करवत लागली तर अलाइनमेंटच्या दुकानात जाण्याआधी चाक उचला, बारा-सहा आणि तीन-नऊ धरून हलवा, आणि ग्रीस शेवटचं कधी घातलं ते आठवा. माझ्या फियाटचे नवीन टायर आता तीन हजार किलोमीटर चाललेत. नक्षीखोली मोजायच्या पट्टीनं आत आणि बाहेर बघितलं, फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी आहे. क्रॉस मेंबर कुर्ल्याहून आला तसाच आहे, कुठंही वेल्डिंग नाही. एकूण खर्च त्या सस्पेन्शन बदलण्याच्या अंदाजाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी आला, आणि त्यातला मोठा भाग रीमरवर खर्च झालेल्या दोन दुपारच्या मजुरीचा होता.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि कोणी म्हणालं की जुन्या गाडीचं असंच असतं, तर त्याला एवढंच विचारा: नवीन असताना असं होतं का? नव्हतं. मग जे झिजलंय ते शोधायचं आणि तेवढंच बदलायचं.